थांबा, पुढची चिप येतेय

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपसाठी त्याला पैसे देऊन मला चार महिने झाले. "घेतलास का रे?" विचारलं तर म्हणतो, "आजोबा, थांबलोय. एएमडीची पुढची चिप कशी येते ते बघतो. इंटेल काय उत्तर देतंय तेही कळेल तोवर." पुढचं मी नीट ऐकलंच नाही. हे बोलणं मी याआधी ऐकलं होतं. तेव्हा बोलणारा त्याचा बाप होता.

२००३ सालची गोष्ट. सौ.ची मावशी वाईजवळच्या खेड्यात राहायची. जात्यावरच्या ओव्या तिच्या तोंडात शेकड्यांनी. सौ.च्या मनात आलं, कॉम्प्युटर घ्यावा, मावशीला महिनाभर घरी आणावं आणि ती सांगेल तशा ओव्या टाइप करून ठेवाव्यात. चिरंजीव तेव्हा बंगलोरला नोकरीला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "बाबा, आत्ता नका घेऊ. दहा गिगाहर्ट्झची चिप येणार आहे. पैसे वाया जातील."

थापा मारत नव्हता तो. पेंटियम फोर नोव्हेंबर २००० मध्ये दीड गिगाहर्ट्झवर आला, तेव्हा ही रचना पुढे दहापर्यंत जाईल असं खुद्द इंटेलच सांगत होतं.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, पण नंतर वाचून वाचून हे प्रकरण समजून घेतलं. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला अब्ज ठोके. ठोके वाढवायचे तर एका ठोक्यात करायचं काम लहान करावं लागतं. शाळेची भिंत बांधताना आम्ही मुलांची रांग लावून विटा पोचवल्या होत्या, तसंच. मुलं जास्त उभी केली की प्रत्येकाला हात थोडाच हलवावा लागतो, विटा भराभर सरकतात. पेंटियम फोरची रांग आधी वीस जणांची होती, २००४ मध्ये ती एकतीस जणांची झाली. पण मधेच 'विटा नकोत, दगड पाठवा' असा निरोप आला की अख्खी रांग रिकामी करायची! म्हणून प्रोसेसर पुढे काय लागेल याचा आधीच अंदाज बांधतो आणि त्यावर काम सुरूही करतो. अंदाज चुकला तर केलेलं टाकून देतो. म्हणजे ज्याच्याविषयी सगळे अंदाज बांधतात, ते यंत्र स्वतःही अंदाजावरच चालतं. मला याची मोठी गंमत वाटली.

घोडं अडलं ते उष्णतेपाशी. मे २००४ मध्ये इंटेलने पेंटियम फोरचा वारसदार रद्द केला. त्याचं नाव होतं तेजस. (तेजच नडलं, असं म्हणायचा मोह आवरत नाही.) ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा बेतही सोडला. गाडी ३.८ वर थांबली.

तिकडे धाकट्या एएमडीने २००३ मध्येच ६४ बिटांची चिप आणली होती, जुने प्रोग्रॅमही सुखाने चालवणारी. इंटेलने त्यासाठी इटॅनियम नावाची वेगळीच वाट धरली होती. शेवटी २००४ मध्ये इंटेलला एएमडीची वाट घ्यावी लागली. मग २००६ मध्ये कोअर टू आला आणि एएमडी मागे पडली, ती २०१७ च्या रायझनपर्यंत. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये हे दोघे हाडवैरी एकाच सल्लागार मंडळात बसले! २००३ मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर चिरंजीव हसला असता. तसा यांच्यात येण्याजाण्याचा रस्ता जुनाच आहे म्हणा. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम पुण्यात जन्मलेले. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने घेतली, आणि त्यातून पेंटियमशी टक्कर देणारी के-६ निघाली.

असो. आमचा कॉम्प्युटर २००६ च्या दिवाळीत आला. मावशी २००५ च्या पावसाळ्यात गेली.

तुम्ही म्हणाल, वहीत लिहून घ्यायच्या होत्या. खरं आहे. वही होती, पेन होतं, एसटी तर दर तासाला होती. पण एकदा यंत्र येणार म्हटलं की पेन उचलवत नाही. "आता काय, थेट टाइपच करू," असं आम्ही तीन वर्षं एकमेकांना सांगत होतो. सौ.च्या स्वतःच्या लक्षात होत्या तेवढ्या त्रेसष्ट ओव्या वहीत आहेत. पुष्कळशा अर्ध्या आहेत, दुसरी ओळ फक्त मावशीला ठाऊक होती. चिरंजिवाला आम्ही कधी बोलून दाखवलं नाही. त्याने सांगितलं ते आमच्या भल्यासाठीच, आणि थांबलो आम्ही.

नातवाला मात्र हे सगळं सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता. मग हळूच म्हणाला, "आजोबा, पण दोनच महिन्यांत नवीन..." सौ.ने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "शनिवारी ये. जेवायलाच ये, मग दुकानात जाऊ."

येतोय म्हणाला. लॅपटॉप आला की त्रेसष्ट ओव्यांची वही आधी त्याच्यापुढे ठेवणार आहे. माझी टायपिंगची गाडी बावीसवर अडकली आहे, आणि सौ. म्हणते त्यातही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. मास्तरांच्या!