तळघराची भिंत आणि जयंतीची घाई

विहाराच्या तळघराला रंग कोणता द्यायचा, एवढ्या एका विषयावर आमच्या मंडळाच्या तीन बैठका झाल्या. बाहेरच्या माणसाला याचे हसू येईल. पण ज्या विहाराची वीट न् वीट वर्गणीतून आली, तिथे रंगाचा डबाही समाजाच्या पैशाचा असतो.

आमची वस्ती मुंबईच्या पूर्व उपनगरात, डोंगराच्या उतारावर. त्यामुळे विहाराखाली तळघर आपोआप निघाले. समोरची बाजू गल्लीकडे उघडी, दोन बाजू अर्ध्या मातीत आणि मागची भिंत पूर्ण डोंगराला टेकलेली. तिथे मुलामुलींसाठी अभ्यासिका करायचे ठरले होते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे, त्यात टीव्ही. दहावीच्या मुलीने वही उघडायची तरी कुठे? बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, हे आपण दर जयंतीला भाषणातून ऐकतो. वस्तीत मात्र एक टेबल आणि एक दिवा मिळायची मारामार.

आणि दिवा लावून तरी काय? उघडे काँक्रीट उजेड गिळते. "काका, दोन ट्यूब लावल्या तरी वहीवर अंधारच वाटतो," असे एका मुलीने बैठकीत उभे राहून सांगितले. तेव्हा हा रंग शोभेचा नव्हता, उजेडाचा होता.

मार्च २०२३ मध्ये एक कंत्राटदार येऊन पाहून गेला. ऑइल पेंटचे दोन हात, चार दिवसांत काम, भिंत आरशासारखी, असे त्याचे म्हणणे. तरुण कार्यकर्ते खूश झाले. १४ एप्रिलला पाहुणे येणार, मागच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा लागणार. आम्ही विरोध केला, आणि काही दिवस वाईटपणा घेतला.

कारण साधे आहे. काँक्रीट घट्ट दिसले तरी त्यात बारीक छिद्रे असतात. मातीतील ओल त्यातून आत येते, येताना क्षार विरघळवून आणते. पाणी उडून जाते, क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पृष्ठभागावर राहतात. यालाच आपण लोणा म्हणतो. वरून तेलरंगाचा पापुद्रा दिला की ओलीची वाट बंद होते, पण ओल बंद होत नाही. सिमेंटमधला दाहक गुणही ओलाव्याच्या साथीने तेलरंगाला खातो. मग फोड, मग पोपडे, आणि पोपड्यांखाली बुरशी. शिवाय बंद तळघरात थिनरचा वास कोंडतो. बंद जागेत माणूस उतरवणे म्हणजे काय असते, हे गटारसफाईत माणसे गमावलेल्या आपल्या वस्त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको.

वस्तीतल्याच एका जुन्या रंगाऱ्यांनी वाद मिटवण्याची युक्ती सांगितली. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी पट्टी लावून भिंतीवर चिकटवायचा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. आतल्या अंगाला थेंब आले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या अंगाला आले तर ती हवेतली, तिला खिडकी आणि पंखा हे औषध. बाजूच्या भिंतींवरचे तुकडे कोरडे निघाले. मागच्या भिंतीवरचा मात्र आतून घामाघूम!

मार्चात पाऊस नाही, मग हे पाणी कुठले? विहाराच्या मागे चढून पाहिले, तर वरच्या गल्लीचे गटार तडकले होते आणि सांडपाणी थेट आमच्या भिंतीमागच्या मातीत मुरत होते. धम्मपदाच्या यमकवग्गात नीट न शाकारलेल्या घराचा दाखला येतो. तिथे पाणी वरून शिरते, आमचे पाठीमागून शिरत होते. दोन रविवार श्रमदान करून गटार दुरुस्त केले आणि भिंतीमागे पाणी वळवायला चर खणला.

तोवर बाजूच्या भिंती हाती घेतल्या. रंगापेक्षा तयारीलाच वेळ लागतो. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावलेले तेल काँक्रीटवर राहते. पाणी मारल्यावर ते न शोषता ओघळले की तिथे तेल आहे असे समजावे. ते धुण्याच्या सोड्याने घासून काढले आणि भरपूर पाण्याने धुतले. तारेच्या ब्रशाने भुकटी झाडली. पोकळ्या ठोकून पाहिल्या, सुटे खडे काढले, भोके ओली करून सिमेंट-वाळूच्या मालाने भरली आणि त्यांवर आठवडाभर पाणी मारले. ब्रश मारायला मुलीही आल्या, तोंडाला ओढण्या बांधून. मग पांढरा सिमेंट रंग: भिंत आधी ओलसर करायची, कालवलेला रंग तासाभरात संपवायचा, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. रंग लागल्यावरही त्यावर पाणी शिंपडायचे, हे नव्या पोरांना पटेना. पण तो सिमेंटचा रंग, त्याला पाण्यानेच बळ येते.

मागची भिंत त्या जयंतीला उघडीच राहिली. प्रतिमा बाजूच्या भिंतीवर लावल्या. "एवढी वर्गणी काढली आणि भिंत काळी?" असे एका पाहुण्यांनी सगळ्यांसमोर विचारले. खजिनदारांनी त्यांना प्लास्टिकचा तुकडा दाखवला. ते फारसे पटल्यासारखे दिसले नाहीत.

पावसाळा त्याच उघड्या भिंतीने काढला. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन तळघरातच चालले आणि उपासिका दर आठवड्याला ओलीच्या कडेवर खडूने रेघ ओढत. सुरुवातीला रेघ गुडघ्यापर्यंत होती. शेवटी घोट्याच्या खाली आली. ती पूर्ण गेली नाही. आतून कितीही लेप दिला तरी बाहेरून रेटणारे पाणी तो लेप ढकलून देते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्या भिंतीला चुनाच दिला: रात्रभर भिजवलेला, कापडातून गाळलेला, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालून, पातळ तीन हात. चुना ओलीला अडवत नाही, बुरशीला मात्र सहज रुजू देत नाही. तो डोळ्यांत उडू नये म्हणून चष्मे घातले होते.

खालच्या वीतभर पट्ट्यात अजूनही लोणा येतो. तो कोरड्या ब्रशाने झाडतात आणि जयंतीच्या आधी चुन्याचा हात फिरवतात. पुस्तकांची कपाटे त्या भिंतीपासून हातभर सोडून उभी केली आहेत, आणि त्या फटीत झाडू जातो की नाही हे महिला मंडळ दर रविवारी पाहते.