बोदवडचा डावखुरा

गेल्या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी बोदवडला, आजोळी गेलो. भुसावळहून नागपूरकडे जाणारी गाडी इथे थांबते खरी, पण गाव स्टेशनापासून चांगले लांब. लहानपणी ते अंतर मामींच्या शेवभाजीच्या आठवणीनेच सरत असे. या खेपेस मात्र पाय आपोआप जिनाच्या मागच्या पटांगणाकडे वळले.

सुटीत आमचे क्रिकेट इथेच रंगे. गोलंदाज एकच; जिनावरच्या हमालाचा मुलगा, डावखुरा. दुपारभर तो चेंडू टाकी आणि आम्ही बॅट फिरवू. त्याची पाळी कधीच येत नसे. खेळ संपला की आजी आम्हाला माजघरात चहा देई. त्याला ओट्याखाली, कान तुटलेल्या कपात. आम्हाला त्यात काहीच वावगे वाटत नसे!

पुढे बाळू पालवणकरांची हकीकत वाचली आणि तो कप डोळ्यांपुढे उभा राहिला. 1876 साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात दरमहा 4 रुपयांवर खेळपट्टी राखी, जाळी लावी आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करी. ग्रेग साहेब बाद झाला, की 8 आणे बक्षीस देई, असे सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही.

साहेबांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू संघाने ओळखले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्यांनी तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात घ्यायचा! 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले.

हे सारे मनात घोळत असता चौकशी केली. आमचा गोलंदाज गावातच होता. बाजारात त्याचे छोटेसे दुकान. त्याने ओळखले, घरी नेले. मुलीने चहा आणला. दोन्ही कप सारखे, कानासकट. मी चाचरत म्हणालो, "तुला आम्ही कधी बॅट दिली नाही रे."

तो हसला. "बॅटीचं सोडा, भाऊ. तुम्हाला मी किती वेळा बोल्ड काढलं, ते आठवतं का?"

आठवत नव्हते. त्याला मात्र एकूण एक आठवत होते. चहा निवेपर्यंत तो मोजत होता, आणि मी मान खाली घालून ऐकत होतो.