गाद्यांवरचं प्लॅस्टिक

मिरज,
9 जुलै

चि. मनू,



तू पाठवलेला ‘येस मिनिस्टर’चा तो भाग परवा रात्री पाहिला. काकांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. इंग्रजी भराभर बोलतात गं मेले, पण खाली अक्षरं होती म्हणून निभावलं. “मावशी, हसून हसून पुरेवाट होईल,” असं तू लिहिलं होतंस. हसले, नाही असं नाही. पण एका जागी हसू घशातच अडकलं. ते सांगायला फोन केला तर तू मीटिंगमध्ये. मंत्रालयात लागून तुला दीडच वर्ष झालं, पण ते “मीटिंगमध्ये आहे” आता छान जमायला लागलंय. म्हणून हे पत्र.

‘द कम्पॅशनेट सोसायटी’ हा भाग बीबीसीवर दाखवला 23 फेब्रुवारी 1981 ला. तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या होस्टेलवर टीव्हीच नव्हता. पुढे 2001 मध्ये स्टार प्लसवर या मालिकेचंच हिंदी रूप आलं होतं, ‘जी मंत्रीजी’. फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. कामं दोघांचीही चांगली होती, पण माझं मन काही लागलं नाही. आपल्याला राजकारण म्हटलं की ‘सिंहासन’ सिनेमा लागतो. त्यात कोण पडणार आणि कोण बसणार, या खुर्चीच्या खेळाकडे आपले डोळे असतात. ‘येस मिनिस्टर’च्या जे आणि लिन या लेखक-जोडगोळीने कॅमेरा खुर्चीमागे हात बांधून उभ्या असलेल्या माणसाकडे वळवला. मंत्री येतात नि जातात, सचिव सर हम्फ्री तिथेच. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंना म्हणे ही मालिका इतकी आवडायची, की 1984 च्या जानेवारीत त्यांनी मंत्री झालेले एडिंग्टन आणि सर हम्फ्री झालेले हॉथॉर्न यांच्याबरोबर स्वतः एक छोटा प्रवेश करून दाखवला. ज्यांची टिंगल चाललीय तेच पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असतील, तर त्या टिंगलीला धार किती उरते कोण जाणे.

असो. तुला गोष्ट माहीत आहेच. सेंट एडवर्ड नावाचं नवंकोरं रुग्णालय, पगारावर पाचशेच्या आसपास माणसं आणि रुग्ण एकही नाही. डॉक्टर, नर्सही नाहीत, सगळे कारभारी आणि त्यांचे मदतनीस. मंत्री हॅकर चक्रावतो. सर हम्फ्रीला मात्र यात वावगं काही दिसतच नाही. संप, आग, साथ, अणुयुद्ध अशा प्रसंगांचं नियोजन करणारा विभाग, खरेदी, हिशेब, देखभाल, खानपान, आस्थापना, सगळे कामात गर्क. रुग्ण नाहीत म्हणून ही कामं थांबतात थोडीच! तू हसलीस ते इथे. हॉथॉर्न ती यादी अशी म्हणतो, की देवळातला पुजारी सहस्रनाम म्हणतोय असं वाटावं.

मी अडकले ती त्याच्या पुढे. मंत्र्याला रुग्णालय फिरवून दाखवणाऱ्या त्या मिसेस रॉजर्सपाशी. चकचकीत फरशी, ताणून घातलेल्या चादरी, ऑपरेशन थिएटर आरशासारखं. बाईंच्या चेहऱ्यावर अभिमान ओसंडतोय. स्वच्छतेच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कारासाठी आपलं रुग्णालय स्पर्धेत आहे, हेही कानावर घालतात. (आपल्याकडे त्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार 1973 पासून नर्सना मिळतो. स्वच्छतेचा आपला वेगळा, ‘कायाकल्प’, 2015 पासून. त्याच्या तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही काय काय लपवलंय ते तू सरकारी नोकरीत आहेस तोवर सांगणार नाही.)

सगळे त्या बाईला हसतात. मला नाही हसवलं. कारण मनू, मी ती बाई होते.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मी तिथे वॉर्ड इन्चार्ज होते. जुन्या इमारतीमागे वीस खाटांचा नवा कक्ष बांधून झाला. फीत कापली, पेढे वाटले, फोटो पेपरात आला. दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्याकडे आली, कारण पदनिर्मिती व्हायची होती. सेंट एडवर्डच्या नेमकं उलट. त्यांच्याकडे माणसं होती, रुग्ण नव्हते. आमच्याकडे रुग्ण उतू जात होते आणि मंजूर पदं नव्हती. प्रस्ताव वर जायचा आणि “त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा” असा शेरा घेऊन खाली यायचा. एकदा त्रुटी काय होती ठाऊक आहे? सहपत्रांना पृष्ठक्रमांक नव्हते.

दर सोमवारी मी तो कक्ष उघडायची. वॉर्डातले मामा फरशी पुसायचे, मावशी खिडक्या पुसायच्या. वीस खाटा एका रेषेत, गाद्यांवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक तसंच. फिनेलचा वास आणि शांतता. कण्हणं नाही, नातेवाईक नाहीत, सांडलेला चहा नाही. खरं सांगू? मला तिथे फार बरं वाटायचं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला हवा तसा वॉर्ड तो एकच होता. मंत्री फिरायला आले असते तर मीही त्या बाईंसारखीच मिरवले असते.

मग एका पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. रात्री बाराच्या सेन्ससला, म्हणजे रुग्णमोजणीला, चाळीस खाटांच्या वॉर्डात एकाहत्तर रुग्ण भरले. एका खाटेवर दोघं, बाकीचे फरशीवर, काही व्हरांड्यात. सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या. एक म्हातारी सुनेचं डोकं मांडीवर घेऊन जिन्याखाली बसली होती. तिने मागच्या इमारतीकडे बोट केलं, “बाई, तिथं कुणी नाही का?” मी म्हटलं, “आजी, ते अजून सुरू नाही झालं.” किल्ली माझ्या खिशात होती.

उघडलं असतं तर काय झालं असतं? फार तर एक कारणे दाखवा नोटीस. आणि दोन वॉर्डांना सिस्टर मी एकटी कशी पुरले असते, हाही प्रश्न होताच, तो काही खोटा नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात नोटीसही नव्हती आणि मनुष्यबळही नव्हतं. त्या कोऱ्या गाद्या खराब होतील, एवढंच आलं होतं.

ती सून वाचली, काळजी करू नकोस.

जोनाथन लिन यांनी नंतर सांगितलंय, की रुग्णालयाची ही गोष्ट त्यांना सुचली आणि मग चौकशी केली तर तशी सहा रुग्णालयं, किंवा रुग्णालयांचे मोठाले रिकामे भाग, खरोखरच निघाले. त्यांतल्या एका ठिकाणी एकच रुग्ण होता. तिथलीच मेट्रन, बांधकामाच्या परांचीवर अडखळून पाय मोडलेली. हे वाचून मात्र मी एवढ्या मोठ्याने हसले की काका जागे झाले.

त्या भागात शेवटी तोडगा निघतो तोही बघ. क्यूबाहून आलेल्या हजार निर्वासितांना सेंट एडवर्डमध्ये ठेवतात. युनियनचा संप मिटतो, नोकऱ्या वाचतात, सरकार कनवाळू ठरतं. आजारी माणूस तेवढा कुठेच नाही. काही जणांना हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो. मला नाही वाटला. आमचा कक्ष 2020 च्या एप्रिलमध्ये, एका दुपारी, वरून आलेल्या तोंडी निरोपावर उघडला. ना नस्ती, ना सहपत्रं, ना पृष्ठक्रमांक. पदं तोवरही मंजूर झाली नव्हती. मी आणि मामा मास्क लावून गाद्यांवरचं प्लॅस्टिक काढायला बसलो. इतके उन्हाळे खाऊन ते रेक्झिनला चिकटलं होतं. कात्रीने सोडवावं लागलं, आणि सहा-सात गाद्यांचं वरचं कापडच त्याबरोबर निघून आलं.

गणपतीला येशील तेव्हा दुसरे भागही घेऊन ये. आणि पृष्ठक्रमांकांचं तुझ्या बाजूने काय म्हणणं आहे, तेही मला एकदा ऐकायचंय. चेष्टेने नाही म्हणत.

आईला सांग, लोणच्याची बरणी परत पाठव.

तुझी,
मावशी