ऊब आणि सावली

जालन्याच्या जुन्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या एक म्हण चालत आली आहे : ‘जालना, सोने का पालना’. मोसंबी, सरकी, बियाणे आणि लोखंडी सळई यांची उलाढाल पाहिली की ती शोभूनही दिसते. मात्र ती उच्चारताना व्यापारी माणसाच्या डोळ्यांपुढे येते ते सोने. पाळणा येत नाही. एका घरातील आजींच्या डोळ्यांपुढे पाळणा आला, तोही जूनमधल्या एका सकाळी, अडीच वर्षांच्या नातवाने बालशाळेच्या फाटकाशी त्यांचे बोट सोडायचे नाकारले तेव्हा.

फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंनी मुलाला सराईतपणे उचलले, ‘दोन दिवस रडतात, मग रुळतात’ असे म्हटले आणि दार लावून घेतले. आजी रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली थांबून राहिल्या. वीसेक मिनिटांनी रडणे थांबले. घरी येऊन त्या सूनबाईला एवढेच म्हणाल्या, “रडायचा थांबला खरा. पण कुणी समजूत घातली म्हणून थांबला, की दमला म्हणून, ते कळलं नाही.” सूनबाई त्या वेळी दुकानाचे जीएसटीचे विवरणपत्र भरत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. त्या दिवशी मुदत संपत होती.

घर बियाणे-खतांच्या व्यापारातले. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली आणि त्यानंतर हा व्यवसाय या गावाच्या मातीत असा रुजला की कैक कुटुंबांचे वर्ष पंचांगापेक्षा पेरणीच्या हंगामावर चालू लागले. या घराचेही तसेच. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौदा बाया बियाणे निवडायला आणि पिशव्या भरायला येत. मृगापूर्वीचे दोन महिने कुणाला कुणाकडे पाहायला सवड नसे. अशा घरात मूल लवकर बालशाळेत जाते त्यात हौस कमी आणि निरुपाय अधिक असतो. त्यात शेजारच्या दुकानदाराचा साडेतीन वर्षांचा नातू इंग्रजी अक्षरे लिहू लागल्याची वार्ता आलेली. मुलगा म्हणे, “आई, उशिरा पेरलं की पीक मागं पडतं.” आजी या उपमेवर काही बोलल्या नाहीत. बियाण्याच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईने ओल नसताना केलेल्या पेरण्याही पुष्कळ पाहिलेल्या असतात.

मूल रुळले. म्हणजे रडेनासे झाले. डबा मात्र बहुधा जसाच्या तसा परत येई, आणि वहीत उभ्या रेघांची पाने वाढत जात.

दिवाळीला आजींची कन्या डेन्मार्कमधील आरहूस शहरातून माहेरपणाला आली, सोबत चार वर्षांची नात. या नातीला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. मात्र बूट-मोजे तिचे ती चढवी, काकडी सुरीने चिरी, आणि अंगणातल्या पेरूच्या झाडावर कुणाला न विचारता चढून बसे. मामाला आश्चर्य वाटले ते नावाचे, आजींना झाडाचे. कन्येने सांगितले की तिथे मूल सहा वर्षांचे होते त्या वर्षी शाळा सुरू होते, तोवर अक्षर-अंकांचा धोशा कुणी लावत नाही. तीन वर्षांपुढच्या मुलांच्या जागेला तिथे ‘मुलांची बाग’ अशा अर्थाचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत फ्रोबेलने ‘किंडरगार्टन’ सुरू केले, त्याच कुळातले ते. आणि त्याहून लहान मुलांच्या जागेला म्हणतात ‘वुगेस्तू’. वुगे म्हणजे पाळणा आणि स्तू म्हणजे घरातली बसायची खोली.

“म्हणजे पाळणाघरच की,” आजी म्हणाल्या.

शब्द खरोखर तोच होता. जे वेगळे होते ते आजींनी खोदून खोदून विचारले. तिथे पहिल्या दिवशी आई वा वडील मुलासोबत तासभर आत बसतात आणि त्याला घेऊन परत येतात. मग एखाद्या दिवशी थोडा वेळ खोलीबाहेर जातात, पुन्हा येतात. ओळखीचा हा काळ आठवडा-दोन आठवडे चालतो, आणि त्यासाठी नोकरीतून वेळ काढणे स्वाभाविक मानले जाते. प्रत्येक मुलाची खुंटी वेगळी, तिच्याशी त्याचे छायाचित्र. जेवताना मोठी माणसे मुलांच्याच टेबलाशी बसून जेवतात. आणि तान्ही मुले दुपारी बाबागाडीत, पांघरुणात गुरफटून, थंडीतसुद्धा उघड्या हवेत झोपतात. हे शेवटचे आजींना मुळीच पटले नाही. कन्येने हसून आणखी एक अडचण सांगितली : डिसेंबरात तिथे दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हटले तर जवळजवळ दुपारीच पान मांडावे लागते.

या साऱ्यामागे त्या लोकांच्या तोंडी सदैव असणारा एक शब्द आहे, ‘ह्युगे’. मुळात तो नॉर्वेकडून आला. २०१६ च्या सुमारास इंग्रजी पुस्तकांनी तो जगभर नेला, आणि बाजाराने आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या मेणबत्त्या, लोकरी मोजे आणि उश्या करून विकायला काढल्या. आता तर बालवाडीची खोलीसुद्धा मंद दिवे, ताग आणि लाकडी खेळणी घालून ‘तशी’ सजवून मिळते. कन्येने त्याचा अर्थ साधा सांगितला : “कुणी घाईत नाही, कुणी कुणाला जोखत नाही, आणि सगळे जवळ बसलेत. बस.”

“ऊब म्हण,” आजी म्हणाल्या.

मुलाने मात्र व्यवहारी शंका काढली. श्रीमंत देशाला परवडते, तिथले सारे सोन्याचेच असणार. कन्येने ते कबूल केले नाही. तिथेही मनुष्यबळ अपुरे पडू लागले होते. २०१९ साली पालक मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्या चळवळीचे नावच एक प्रश्न होते : ‘मोठं माणूस कुठं आहे?’ त्यानंतर कायदा झाला. २०२४ पासून तीन वर्षांखालील सरासरी तीन मुलांमागे एक आणि त्यापुढच्या सहा मुलांमागे एक मोठे माणूस, हे प्रमाण तिथे बंधनकारक आहे. मेणबत्त्यांसाठी कुणी मोर्चा काढला नव्हता.

ह्या गोष्टीसाठी आरहूसपर्यंत जायला हवे होते असेही नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच त्याच्या अंगणात जावे, हा विचार तिथला. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रुजला. महागड्या विलायती साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने घेऊन त्या मुलांना मोजायला शिकवीत, आणि मोजण्याच्या आधी हातपाय धुऊन, केस विंचरून देत. वारली मुलाच्या केसांतून फिरणारा तो कंगवा हाच तिथला पहिला पाठ होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. शब्द अंगणवाडीचा देशभर गेला. कंगव्याला लागणारी सवड प्रत्येक ठिकाणी पोहोचली नाही. एक सेविका, एक मदतनीस, आणि मुलांइतकीच नोंदींची गर्दी. सेविकेने तरी ती कुठून काढावी?

दिवाळीची सुट्टी संपली आणि फाटकाशी रडणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. या वेळी आजींनी लिंबाखाली उभे राहायचे नाकारले. आठ दिवस तासभर आत बसू द्यावे, अशी विनंती त्यांनी केली. ‘मग बाकीच्या मुलांनाही आजी हव्या होतील’, असे उत्तर आले. यात हरकत घेण्यासारखे काय आहे, हे आजींना अखेरपर्यंत समजले नाही. शेवटी परवानगी मिळाली. त्या परातीत तांदूळ घेऊन एका कोपऱ्यात बसल्या आणि निवडू लागल्या. कुणाला बोलावले नाही, गोष्ट सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी दोन मुले परातीपाशी आली. चौथ्या दिवशी सहा जण खडे वेचीत होती, आणि त्यांतल्या एका मुलीला नातू मोठ्या गांभीर्याने सांगत होता की तांदूळ टाकायचा नाही, खडा टाकायचा. त्या खोलीत मुले बत्तीस होती, शिक्षिका एक, आणि मदतीला एक आया. शिक्षिका वाईट नव्हती. ती तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी एकाच वेळी चार मुलांचे नाक पुसू शकत नव्हती, इतकेच.

आणखी एक गोष्ट आजींनी तिथे बसल्या बसल्या पाहिली. खोलीचे छत पत्र्याचे होते. कार्तिकातही अकरा वाजता मुलांच्या कपाळावर घाम येई. जालन्याच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार गेल्यावर, तिथे काय होत असेल? डेन्मार्कच्या माणसाला अंधार आणि गारठा यांपासून मुलाला आडोसा द्यावा लागतो, म्हणून त्याची माया दिव्याच्या आणि लोकरीच्या रूपाने येते. मराठवाड्यात आडोसा लागतो तो उन्हापासून आणि धुळीपासून. इथली माया मराठी भाषेत आधीपासूनच सावलीच्या, पदराच्या रूपाने नांदते. जाड भिंत, वाळ्याचा ओला पडदा, माठ, लिंबाखालची सारवलेली जागा हे इथले ह्युगे. लोकरी गालिचा अंथरून ते साधणार नाही. उलट मुलांच्या अंगावर घामोळे उठेल.

या सगळ्या चर्चेला खरी धार आली ती कन्येच्या एका सहज प्रश्नाने. परत जाण्याच्या आदल्या दुपारी ओसरीवर बाई नातवाला मांडीवर घेऊन भात भरवीत होती. दुपारचे दोन ते सहा तीच त्याला सांभाळी, आणि तिच्यापाशी तो कधी रडत नसे. कन्येने आत येऊन विचारले, “हिला स्वतःचं मूल आहे का?” सूनबाई आजींकडे पाहू लागली. आजींना सांगता आले नाही. बाई आठ महिने घरात येत होती.

विचारल्यावर कळले. दीड वर्षाची मुलगी होती. तिला नऊ वर्षांची बहीण सांभाळी, आणि त्यासाठी बहिणीची शाळा आठवड्यातून तीन-चार दिवस बुडे. नवरा ऊसतोडीला गेला होता. दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या अनेक गावांतून ट्रॅक्टर भरून माणसे जातात, त्यांच्याबरोबर. मुलींनाही नेले असते तर फडावर पाचटात झोपवावे लागले असते, म्हणून बाई मागे राहिली होती. हे सांगताना तिच्या स्वरात गाऱ्हाणे नव्हते. आजींना तेच अधिक लागले.

त्या रात्री जेवणानंतर मुलाने हिशेबाच्या अंगाने विचार केला. शेडमधल्या बायांचीही लहान मुले असणार, हे त्याच्या ध्यानी आले होते. त्याने सल्लागाराला फोन करून विचारलेही. २०१७ च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचे असते. इथे बाया चौदा. “कायद्यानं आपल्यावर काही येत नाही, आई,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात सुटकेचा भाव होता. तो लबाड नव्हता, बारकाईने धंदा करणारा होता.

आजींनी कायद्याला आक्षेप घेतला नाही. त्या म्हणाल्या, “आठ महिने त्या लेकराची ऊब आपल्या घरात खर्च होतेय. ती तू कुठल्या खात्यावर मांडलीस?”

मुलगा काही बोलला नाही. सूनबाईनेच दुसऱ्या दिवशी कागद घेतला. दुकानामागची जुनी दगडी खोली, जिच्या भिंती दीड हात जाड आणि जी वैशाखातही गार राहते, तिथे कैक वर्षांचे बारदान पडून होते. चुना, वाळ्याचे पडदे दोन, माठ एक, झोळ्यांसाठी जुनी लुगडी, मुलाच्या हाताला येतील इतक्या खाली ठोकलेल्या खुंट्या. ही यादी अर्ध्या पानात संपली. पगाराचा आकडा मात्र तिने दोनदा खोडला, कारण सहा-सात मुलांना एक बाई पुरणार नव्हती आणि दोन ठेवायच्या तर वर्षाचा खर्च दुकानाच्या गुमास्त्याच्या पगाराच्या पुढे जात होता. स्वतःच्या मुलालाही दुपारी तिथेच ठेवायचे, हे तिने सर्वांत शेवटी लिहिले. त्यावर घरात दोन दिवस कुणी बोलले नाही. गावात लोक काय म्हणतील, हा प्रश्न मुलाने एकदा काढला आणि आपणच सोडून दिला.

खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा ते अद्याप ठरलेले नव्हते. बारदान हलवायला हमाल सोमवारी येणार होते.