लांब बॉनेटची लाडकी

ज्या घरात अजून कॉन्टेसा गाडी आहे, त्या घरात हमखास दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, "विकून टाका हे धूड, निम्मं अंगण अडवून बसलंय!" दुसरा पक्ष काहीच बोलत नाही. तो रविवारी सकाळी बादली आणि फडकं घेऊन खाली उतरतो. वाद कितीही वेळा झाला तरी निकाल ठरलेला. गाडी जागची हलत नाही! कधी कधी तर बॅटरी उतरल्यामुळे खरोखरच हलत नाही.

पण खरं भांडण या दोन पक्षांत नसतंच. ते असतं गाडीवर जीव लावणाऱ्यांचं, आपापसातलं. गाडी कंपनीने दिली तशीच ठेवायची, की आपल्या सोयीची, आपल्या आवडीची करून घ्यायची? एकाच घरातले बाप-लेक या प्रश्नावर चार चार दिवस अबोला धरतात.

आजच्या तरुण वाचकांना कॉन्टेसा म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली ही गाडी काढली. अंगकाठी मूळची इंग्लंडची, व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हीएक्स गाडीची. सुमारे १५ फूट लांब, नाक लांबलचक, डिकीत अख्ख्या लग्नघराचं सामान मावेल अशी. अॅम्बॅसॅडर आणि फियाट याच दोन गाड्या बघत वाढलेल्या देशाला ती परदेशी सिनेमातली वाटली. मंत्री, कारखानदार, डॉक्टर, नट यांच्या दारात ती दिसू लागली. आलिशान गाडी म्हणजे कॉन्टेसा, असं समीकरणच झालं.

आलिशान खरी, पण सुरुवातीला बॉनेटखाली होतं अॅम्बॅसॅडरचंच १४८९ सीसीचं इंजिन. ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. म्हणजे पैलवानाच्या अंगात शाळकरी पोराचं काळीज! पुढे जपानच्या इसुझु कंपनीचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, ताकद ८८ अश्वशक्तीच्या घरात गेली, गिअर चाराचे पाच झाले, आणि गाडीला तिच्या रूपाला शोभेल अशी चाल मिळाली. जुने मालक आजही 'आधीची' आणि 'इसुझु' अशा दोन जाती मानतात.

ती चालवायला कशी? हा प्रश्न कॉन्टेसाच्या मालकाला विचारावा आणि सवडीने बसावं. कोल्हापूरचे एक गुळाचे व्यापारी म्हणतात, "ही गाडी पळवायची नाही, न्यायची." त्यांचं म्हणणं खरं आहे. सरळ रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ती अशी तरंगत जाते की मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना झोप लागते. खड्डा आला तरी धक्का न बसता नुसता हेलकावा बसतो. मात्र वळणावर ती अंग टाकते, पावसात घाई केली तर मागची चाकं सरकू पाहतात, कारण इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असतो. उंच गतिरोधकावर पोट घासतं. आणि पेट्रोल? त्याबद्दल मालक घरात खरं सांगत नाहीत!

इंदूरच्या एका मराठी डॉक्टरांनी १९९० साली इसुझुवाली कॉन्टेसा घेतली. पांढरी. दवाखान्याची मिळकत बेताची, पण मोठ्या गाडीची हौस दांडगी. दर उन्हाळ्यात डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि दोन मुलं आग्रा रस्त्याने नाशिकला आजोळी निघत. सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट लागला की डॉक्टर एसी बंद करायचे आणि चारी काचा खाली करायला लावायचे. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, चढावर तो इंजिनाची ताकद खातो आणि पाणी तापतं, हे मुलांना शाळेत जाण्याआधीच पाठ झालं होतं. घाटमाथ्यावर थांबून काट्याकडे बघायचं, दशम्या खायच्या आणि पुढे धुळ्याकडे उतरायचं. गाडीच्या कप्प्यात एक डायरी असे. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर आणि तारीख डॉक्टरांच्या त्या न वाचता येणाऱ्या अक्षरात!

पुढे काळ बदलला. १९९५ साली सिएलो आली, १९९६ साली अॅस्ट्रा, १९९८ साली होंडा सिटी. हलक्या, चपळ, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या. डॉक्टरांच्या बरोबरीच्यांनी कॉन्टेसा काढून टाकल्या. २००२ साली कंपनीने तिचं उत्पादनच थांबवलं. डॉक्टरांनी मात्र पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करून घेतलं, मग दर पाच वर्षांनी करत राहिले.

उत्पादन थांबलेल्या गाडीचा संसार कसा चालतो, हे कॉन्टेसावाल्यांकडून शिकावं. इंजिनाची काळजी फारशी नसते. तेच इसुझु इंजिन पुढे अॅम्बॅसॅडरलाही बसवलं गेलं, त्यामुळे टॅक्सीवाल्यांच्या कृपेने त्याचे भाग बरीच वर्षं मिळत राहिले. रडवतात त्या बाहेरच्या वस्तू. पुढची काच, दिव्यांच्या काचा, दारांची रबरं, चकचकीत पट्ट्या. त्यांच्यासाठी मालक मुंबईचं ऑपेरा हाऊस, पुण्याची नाना पेठ, दिल्लीचं कश्मिरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बझार, चेन्नईचं पुदुपेट असे तीर्थयात्रेसारखे फिरतात. मागच्या दिव्याची न तडकलेली लाल काच मिळाली, तर पेढे वाटायचेच बाकी असतात.

२०२०च्या टाळेबंदीत डॉक्टरांचा धाकटा मुलगा पुण्याहून इंदूरला आला आणि घरूनच काम करू लागला. संध्याकाळी मोकळा वेळ, अंगणात कॉन्टेसा. आठवड्याभरात त्याने एक यादी केली. मोठी अलॉय चाकं. शंभर वॉटचे दिवे. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची. काळ्या काचा. गडद निळा रंग. कातडी सीट. मोठ्ठा आवाज असलेली टेप. डॉक्टरांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "अरे, मग यात माझी गाडी कुठली राहिली?"

"बाबा, तुम्हाला काही बदलायलाच नको असतं!" मुलगा म्हणाला. अबोला सुरू झाला.

तो मोडला गल्लीतल्या गॅरेजच्या उस्तादांनी. त्यांनी यादीतली एकेक गोष्ट घेतली आणि तिचा हिशेब सांगितला. चाक टायरसकट मोठं केलं, तर एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते, पण मीटरला ते कळत नाही. घेर पाच टक्के वाढला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ने धावत असते. शिवाय वळताना टायर मडगार्डला घासतो. स्प्रिंगेची कडी कापली तर गाडी दिसते झोकदार, पण खड्ड्यात आपटते, आणि चाक हवेत उचललं गेलं तर कापलेली स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. शंभर वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर आठ अॅम्पिअरहून जास्त वीज ओढतो. तीस वर्षांची जुनी वायर आणि स्विच ते सोसत नाहीत, होल्डर वितळतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

"मग उजेड कमीच ठेवायचा का?" मुलाने विचारलं. उस्ताद हसले. मूळच्या ६०-५५ वॉटच्या बल्बलाच पूर्ण वीज पोचत नव्हती. त्यांनी जाड वायर टाकून बॅटरीपासून दिव्यापर्यंत रिले बसवला. रिले म्हणजे मधला दरवान. स्विचने फक्त त्याला खूण करायची, मोठी वीज तो स्वतः सोडतो. स्विचवर भार नाही. त्या रात्री मुलाने दिवे लावले आणि भिंतीवरचा उजेड बघून डॉक्टर नकळत म्हणाले, "अरे वा!" चार दिवसांतला तो पहिला शब्द.

काळ्या काचांचा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला होता. काचेवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंदी घातली होती. २०१९च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की, कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. रंग बदलायचा तर आरटीओकडे जाऊन पुस्तकात नोंद करून घ्यावी लागते. हौशी मंडळी हे ऐकून नाक मुरडतात. पण पासिंगच्या दिवशी रांगेत उभं राहिल्यावर त्याची किंमत कळते.

यादीतलं शेवटी राहिलं काय? सीट! आणि तेही डॉक्टरीणबाईंनी राखलं. गुडघेदुखीमुळे त्यांना मऊ, खचलेल्या सीटवरून उठता येत नव्हतं. "तुमच्या दोघांच्या भांडणात मला कोणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. कुशनवाल्याला बोलावलं. त्याने पुढची डावी सीट दोन इंच उंच केली, आतला फोम घट्ट घेतला, वर मात्र जुन्यासारखंच राखाडी कापड लावलं. पाहणाऱ्याला फरक कळत नाही, बसणारीला कळतो. गाडीत केलेला बदल कसा असावा, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायला नको.

याच सुमारास बाप-लेकांमध्ये नवा विषय निघाला. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. मुलाने बोटं मोजली. १९९० अधिक पन्नास, म्हणजे २०४०! आता त्याचाच पक्ष फिरला. कालपर्यंत स्प्रिंगा कापायला निघालेला मुलगा म्हणू लागला, "बाबा, आता एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही."

आणि नेमकं तेव्हाच बदलायची वेळ आली. २०२२ साली डॉक्टर न्हाणीघरात घसरले, उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हातातला जोर गेला. कॉन्टेसाचं स्टेअरिंग उभ्या गाडीत वळवणं म्हणजे जातं ओढणं. लांब नाकातल्या इंजिनाचं सगळं ओझं पुढच्या चाकांवर. गाडी चालू लागली की ते हलकं होतं, पण गल्लीतून वळवून बाहेर काढणार कशी? डॉक्टर रोज गाडीत बसायचे, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि बंद करून घरात यायचे. कोणाला काही बोलायचे नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी हे पुण्याला फोन करून सांगितलं. मुलगा शनिवारी आला तो थेट उस्तादांकडे गेला. शेवटच्या वर्षांतल्या कॉन्टेसांना कंपनीचंच पॉवर स्टेअरिंग येत असे. तसा पंप आणि बॉक्स भंगारात गेलेल्या एखाद्या गाडीचा मिळाला, तर चासीला हात न लावता बसवता येईल, असं उस्ताद म्हणाले. शोधायला पाच महिने गेले. दोघांनी आरटीओत जाऊन विचारपूस केली. सगळं जमल्यावर डॉक्टरच अडून बसले.

"अरे, तुझी २०४०ची व्हिंटेज गाडी बिघडेल ना!"

"बाबा, २०४० साली गाडी पन्नास वर्षांची होईल. पण तुम्हाला ती आज चालवायची आहे."

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुना बॉक्स भंगारात देऊ नकोस."

पॉवर स्टेअरिंग बसलं. डॉक्टरांनी गाडी गल्लीतून एका हाताने वळवून दाखवली आणि परत आल्यावर तक्रारही केली. आधी रस्ता तळहाताला कळायचा, खडी कुठे, डांबर कुठे, चाकात हवा कमी आहे का, सगळं. आता तो कमी बोलतो. "रोग्याचा हात हातात आहे, पण नाडी नीट लागत नाही," असं त्यांचं निदान. जुन्या गाडीत नवी सोय करून घेणाऱ्या पुष्कळ मालकांचा अनुभव हाच आहे. सोय मिळते तेव्हा काहीतरी द्यावं लागतं. काय दिलं हे ज्याला कळतं, त्यानेच हत्याराला हात लावावा.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी कोणी न सांगता ठरवली. दिवेलागणीनंतर गाडी चालवायची नाही. समोरच्या दिव्यांनी आता डोळे दिपतात, आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ नको, हे त्यांनी आयुष्यभर रोग्यांना सांगितलं होतं. सकाळी भाजी मंडईपर्यंत आणि परत, एवढीच आता कॉन्टेसाची फेरी. शेजारच्या उंच सीटवर डॉक्टरीणबाई. पेट्रोलची डायरी अजून चालू आहे, फक्त दोन नोंदींमध्ये आता महिना महिना जातो.

जुना स्टेअरिंग बॉक्स माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. डॉक्टरांनी त्याला स्वतः ग्रीस लावलं, मेणकापडात गुंडाळलं आणि वर चिठ्ठी बांधली. या वेळी अक्षर मुद्दाम सुवाच्य काढलं आहे. 'मूळचा. २०४० साली हवा असल्यास बसवणे.'