‘सामना’ पुन्हा पाहताना



सेलू तालुक्यात मी तुम्हाला नेहमी कपाशीवरील बोंडअळीबद्दल सांगतो. आज एका चित्रपटाबद्दल सांगू द्या.

जब्बार पटेल यांचा ‘सामना’ पहिल्यांदा लागला तेव्हा चालला नाही. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला, मग लोक पाहू लागले. पुढे आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर आला, तेव्हा निम्मे लोक उठून गेले. ‘दारुड्या मास्तराची बडबड’ म्हणत मीही उठलो. वय शाळकरी होते.

परवा घरी तो पूर्ण पाहिला. निळू फुले यांचा हिंदुराव नुसता दुष्ट नाही. त्याने साखर कारखाना उभा केला, हाताला काम दिले. म्हणूनच त्याला कोणी काही विचारीत नाही. डॉ. लागूंचा मास्तर मात्र एकच विचारीत राहतो, की मारुती कांबळेचे पुढे काय झाले.

मला एक जुनी ग्रामसभा आठवली. फवारणी पंपाच्या यादीतून एका विधवा बाईंचे नाव गळाले होते. मला ते ठाऊक होते. पण पुढारी कामाचा माणूस, गावात पाणी त्यानेच आणलेले. मी गप्प बसलो. बाईंनी तो हंगाम दुसऱ्याचा पंप मागून काढला.

त्या आता हयात नाहीत. पुढच्या ग्रामसभेत यादी मी मोठ्याने वाचणार आहे आणि कोणाचे नाव राहिले, हेही विचारणार आहे. तेव्हा तुम्ही गप्प बसू नका. त्याआधी जमल्यास घरच्यांसोबत ‘सामना’ पाहा, आणि मध्येच उठू नका.