किल्ल्यावरचे घरगुती नियम

मैत्रिणींनो, दिवाळीत तुमच्याही अंगणात किल्ला होत असेल. आमच्या केमला तर फराळाच्या आधी मुलांना माती हवी असते. विटांचे तुकडे, जुनं गोणपाट, वर चिखल, बाजारातून आणलेले मातीचे मावळे आणि अगदी वर सिंहासनावर महाराज. अळीव पेरले की चार-पाच दिवसांत हिरवंगार रान!

पण किल्ला नुसता बघायला थोडाच असतो? लढाई हवीच. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी चिंचोक्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि तीन मावळ्यांची मुंडकी उडाली. दुसरं भांडण वितीचं. मावळ्याने एका खेपेला एक वीत चालायचं ठरलं. पण आमच्या मोठ्याची वीत आणि धाकटीची वीत सारखी कशी असणार? ती रडत स्वयंपाकघरात आली. मी चकल्यांचा घाणा उतरवला, शिवणाच्या डब्यातून वीतभर दोरा कापला आणि मधोमध कुंकू लावलं. (कुंकवाला आमच्या गावात काय तोटा!) म्हटलं, "हीच सरकारी वीत. अळिवाच्या रानात मात्र कुंकवापर्यंतच चालायचं." चिंचोके बंद. पाच कवड्या टाकायच्या, तीन उताण्या पडल्या तर समोरचा बाद.

खरं दुखणं निराळंच होतं, बाई. शत्रू कोणी व्हायचं? कोणीच तयार नाही. मग सगळे मागच्या घरातल्या मुलाकडे बोट दाखवायचे, "तू मोगल हो." का, तर त्याचं नाव तेवढं वेगळं. दोन दिवस तो झाला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. आठवड्यातून तीन दिवस शाळेत इतिहास शिकवते मी, आणि माझ्याच अंगणात हे!

मुलांना बसवून विचारलं, महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, तो कोणाच्या बाजूने लढला? मुलं ऐकून घेतात हो, पण खेळाला शत्रू लागतोच. पुण्याचा भाचा आला होता. तो म्हणाला, "मावशी, अशा लढायांची पुस्तकं आहेत." एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम १९१३ साली छापले. १९७१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'चेनमेल'मध्ये तर जादूगार आणि ड्रॅगनही आले. मग आपल्याकडे राक्षसांची काय वानवा?

तेव्हापासून आमचा पहिला नियम: माणसांशी लढाई नाही. महाराज सिंहासनावरून हलत नाहीत, त्यांना कोणी पाडत नाही. चाल करून येतात ते राक्षस. बाजारात ते मिळेनात, म्हणून काळ्या मातीचे घरीच केले. वाळताना भेगा पडल्या, त्यामुळे आणखीच भयानक दिसू लागले. पाचही कवड्या उताण्या पडल्याशिवाय राक्षस मरायचा नाही असं आधी ठेवलं, तर घटकाभरात किल्ला पडला! मग चारवर आणलं. वाघ कोणाचाच नाही. जवळ येईल त्याला खातो.

चिवड्याचा डबा घेऊन मी स्वतः मागच्या घरी गेले. काय बोलावं सुचेना. त्याची आईही काही बोलली नाही. डबा रिकामा देऊ नये म्हणून तिने त्यात साखर घातली. संध्याकाळी तो आला.

यंदा नवीनच पंचाईत. राक्षसांची जादू पाहून सगळ्यांना राक्षसच व्हायचंय! म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. त्या मुलाला मावळे आले, तर स्वारी फुरंगटून तुळशीपाशी जाऊन बसली.